घराविषयीचे मत : मराठी नियतकालिकांतील एका जोखमीचा इतिहास

नाटक कसे असावे, मुलगी कशी वाढवावी आणि सरकारने काय करावे या तीन प्रश्नांवर एकाच माणसाने छापील कागदावर आपले मत मांडावे, ही गोष्ट मराठी समाजात दोनशे वर्षांहूनही कमी जुनी आहे. आजच्या वृत्तपत्रांत मनोरंजनाची पुरवणी वेगळी, पालकत्वाचा स्तंभ वेगळा आणि राजकारणाचे पान वेगळे असल्यामुळे हे तीन विषय मुळातच निरनिराळे आहेत असा समज होतो. परंतु एकोणिसाव्या शतकातील नियतकालिके चाळली, तर हे विषय एकाच लेखणीतून, कित्येकदा एकाच लेखातून उतरलेले दिसतात. तिन्ही मतांची किंमत मात्र सारखी नव्हती. राज्यकर्त्यांविरुद्ध लिहिणाऱ्याला तुरुंग भोगावा लागे, पण सुटून आल्यावर त्याचे स्वागत होई. घराविषयी लिहिणाऱ्याच्या वाट्याला तुरुंग क्वचितच येई, पण त्याच्या पंक्तीला बसायला माणूस मिळत नसे. घराविषयीचे मत हेच या तिहींत अधिक जोखमीचे होते, आणि ज्यांनी ही जोखीम पत्करली त्यांचे माप मराठी इतिहासलेखनाने अजून पुरते त्यांच्या पदरात घातलेले नाही, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा वृत्तपत्र म्हणजे बातमी आणि ज्ञान पोचवण्याचे साधन अशी त्यांची धारणा होती. मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापणारे हे पत्र १८४० पर्यंत चालले. व्यक्तीच्या मताला खऱ्या अर्थाने जागा मिळाली ती पुढच्या पत्रात. गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ काढले आणि १८४८ पासून त्यात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. गोपाळ हरी देशमुख हे त्यांचे लेखक. ते सरकारी नोकरीत होते आणि लेखमाला सुरू झाली तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. पुढे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मालेत शंभराहून अधिक पत्रे आहेत. तिच्यात राज्यव्यवस्थेची, विद्येची, ब्राह्मणांच्या आळसाची आणि विधवांच्या हालांची चर्चा एकमेकींत मिसळून येते. जो समाज आपल्या मुलींची लग्ने त्या खेळण्याच्या वयात असताना लावून देतो आणि नवरा मेला की त्यांना कोपऱ्यात बसवतो, तो समाज राज्य का गमावून बसला याचे उत्तर लोकहितवादी त्याच घरात शोधतात. त्यांच्या विचारातला हा सांधा महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या शंभर वर्षांचा वाद याच सांध्याभोवती झाला.

टोपणनावाचा प्रश्न येथे समजून घेतला पाहिजे. सरकारी नोकराने उघडपणे लिहिणे अडचणीचे होते हे खरे. पण शतपत्रांतील कठोर भाग सरकारविरुद्ध नाही, तो स्वजातीविरुद्ध आहे. स्वजातीशी वैर पत्करण्याचा परिणाम ‘ग्रामण्य’ या शब्दात सामावलेला होता. ग्रामण्य म्हणजे जातीच्या पंचांनी किंवा धर्मपीठाने एखाद्या माणसावर घातलेला बहिष्कार. असा माणूस कोणाकडे जेवू शकत नसे, त्याच्याकडे भटजी येत नसे, त्याच्या मुलामुलींची लग्ने अडत आणि घरात मृत्यू झाला तर खांदा द्यायला माणसे गोळा होत नसत. सरकारचा रोष एका माणसावर होई, तर ग्रामण्याचा भार त्याच्या आईवर, बायकोवर आणि मुलांवर पडे. घराविषयीच्या मताचा दंड असा घरानेच भरायचा असल्यामुळे लेखकाने स्वतःचे नाव झाकणे यात भित्रेपणापेक्षा व्यवहार अधिक होता.

ग्रामण्याचे बळ किती होते हे १८९० मध्ये पुण्यात दिसून आले. पंचहौद मिशनमध्ये एका समारंभाला गेलेल्या प्रतिष्ठित पुणेकरांपुढे चहा ठेवण्यात आला. काहींनी तो घेतला, काहींनी घेतला नाही. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक ही दोन परस्परविरोधी मतांची माणसे त्या यादीत होती आणि दोघांवरही प्रायश्चित्ताचा, म्हणजे धर्मशास्त्राने सांगितलेल्या शुद्धिविधीचा, प्रसंग आला. रानड्यांच्या तोलाची माणसेही कपभर चहासाठी वाकतात, तेथे साध्या शिक्षकाने किंवा कारकुनाने विधवाविवाहावर स्वतःच्या नावाने लिहावे ही अपेक्षा मोठीच होती. या सबंध प्रकरणात छापखान्याने बजावलेली कामगिरी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वृत्तपत्र हे मत मांडण्याचे साधन होते, तसेच मत मांडणाऱ्याला जातीपुढे उभे करण्याचेही साधन होते.

या पार्श्वभूमीवर ताराबाई शिंदे यांचे पुस्तक वाचले म्हणजे त्यांच्या धाडसाची कल्पना येते. १८८१ मध्ये सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. या निमित्ताने ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांत एकंदर स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे झडू लागले. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून घेतले, आणि तेही स्वतःच्या नावाने. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाशी, म्हणजे जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेशी, संबंधित होते. मुलीला लिहिता-वाचता यावे ही त्या घराची रीत होती आणि पुस्तकातली भाषा त्याच घरातून आली आहे. बायका एकमेकींशी ज्या ठसक्याने बोलतात त्याच ठसक्याने ताराबाई पुरुषांना प्रश्न विचारतात. बायको मेल्यावर महिना उलटायच्या आत बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषाला कोणी काही म्हणत नाही, मग नवरा मेलेल्या मुलीचे केस का उतरवता, हा त्यांचा मूळ प्रश्न आहे. या केस उतरवण्याच्या रूढीला ‘केशवपन’ म्हणत. साहस, कपट, मोह असे जे दुर्गुण पोथ्यांनी स्त्रियांच्या माथी मारले, ते एकेक घेऊन ताराबाई पुरुषांच्या वागणुकीत दाखवून देतात.

याच पुस्तकात लोकप्रिय करमणुकीवरची टीका येते आणि मराठी टीकेच्या इतिहासात तिला मानाचे स्थान मिळायला हवे होते. त्या काळी आवडीने वाचल्या जाणाऱ्या ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतून आणि नाटकांतून स्त्रिया ज्या रूपात येतात, त्याचा ताराबाईंना संताप आहे. पुस्तकातील नायिकेचे वर्तन आणि घरातल्या बाईचे जिणे यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, ही चित्रे पुरुषांनी पुरुषांच्या हौसेसाठी रंगवली आहेत, आणि मग त्याच चित्रांच्या आधाराने खऱ्या स्त्रियांना दोष दिला जातो, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. त्याच पानांत त्या राज्य गमावलेल्या, परदेशी कापडाला आणि चालीरीतींना भुललेल्या पुरुषांनाही जाब विचारतात. करमणूक, संसार आणि राज्य हे तिन्ही धागे एका हातात धरणारे, स्त्रीने लिहिलेले याच्याइतके धारदार मराठी गद्य त्या शतकात दुसरे दाखवता येत नाही. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, त्यावरून सत्यशोधकांच्या वर्तुळातही या पुस्तकावर टीका झाली असावी असे दिसते. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र आले नाही.

रखमाबाईंनी वेगळा मार्ग धरला. बालपणी झालेल्या विवाहाच्या आधारे त्यांच्या पतीने मुंबईत दावा लावला असताना त्यांनी १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या इंग्रजी पत्रात ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या सहीने बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली. १८८७ मध्ये न्यायालयाने पतीच्या घरी जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा निर्णय दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. या खटल्यात टिळकांच्या पत्रांनी रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. एका स्त्रीने स्वतःच्या लग्नाविषयी मत ठेवणे हा राष्ट्रीय वादाचा विषय झाला, याचे कारण घर ही परक्या सत्तेपासून शिल्लक राहिलेली एकमेव सत्ता आहे अशी त्या काळच्या सुशिक्षित पुरुषांची भावना होती.

या भावनेला तात्त्विक रूप दिले विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी. १८७४ मध्ये सुरू झालेली ‘निबंधमाला’ हे मासिक ते जवळजवळ एकहाती लिहीत. भाषा, इतिहास, वाङ्मय आणि देशस्थिती यांवरील त्यांच्या निबंधांनी मराठी गद्याला जे वळण लावले, त्याचे ऋण त्यांच्या विरोधकांनीही मानले आहे. पण लोकहितवादी आणि फुले यांच्यावर त्यांनी केलेल्या टीकेतून एक विभागणीही रूढ झाली. परक्यांच्या देखत आपल्या घरातली घाण उपसणे हा स्वाभिमानाचा अभाव आहे, असे या पक्षाचे म्हणणे होते. ‘आमच्या देशाची स्थिति’ हा विष्णुशास्त्र्यांचा निबंध पुढे सरकारजमा झाला, यावरून त्यांच्या राजकीय मताची धार कळते; घराबाबत मात्र तीच धार जपून वापरावी असा त्यांचा आग्रह राहिला.

गोपाळ गणेश आगरकर विष्णुशास्त्र्यांच्याच शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. कोल्हापूर संस्थानाच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये त्यांनी आणि टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. सुटकेनंतर दोघांचेही जंगी स्वागत झाले. त्याच आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले आणि बालविवाह, केशवपन, सोवळेओवळे यांवर लिहायला सुरुवात केली, तेव्हा पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. माणूस तोच होता, भाषा तीच होती आणि लोकही तेच होते. बदलला होता तो विषय.

‘सुधारक’मधील आगरकरांचे विषय पाहिले म्हणजे त्यांच्या दृष्टीचा आवाका ध्यानात येतो. स्त्रियांनी जाकिटे घालावीत यावर ते स्वतंत्र लेख लिहितात आणि पोशाखाचा विचार रूढीवर न सोडता सोयीच्या, आरोग्याच्या आणि सभ्यतेच्या कसोटीवर करतात. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे ते सांगतात. वयात आलेल्या तरुण-तरुणींनी एकमेकांना ओळखून विवाह करावा, हा ‘प्रियाराधन’ या लेखाचा गाभा आहे. शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ त्यांनी ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले होते. राजकारणावरही ते लिहीत राहिले, आणि घरात गुलामी पोसणारा माणूस बाहेर स्वातंत्र्य मागू शकत नाही ही त्यांची भूमिका होती. वडीलधाऱ्यांचा शब्द बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहण्याची सवय मुलाला घरात लागली नाही, तर सरकारचा शब्द तपासण्याची सवय त्याला पुढे कोठून लागणार? आगरकरांच्या सामाजिक लेखनातून उभा राहणारा हा प्रश्न संगोपनाचा आहे आणि राजकारणाचाही आहे. १८९५ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, दम्याने जर्जर झालेल्या आगरकरांचा मृत्यू झाला.

टिळकपक्षाला न्याय द्यायचा तर एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १८९० मध्ये टिळकांनी सुधारकांपुढे एक मसुदा ठेवला होता. मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत आणि मुलाचे वीस वर्षांच्या आत करू नये, विधवांचे केशवपन करू नये, अशी बंधने सह्या करणाऱ्यांनी स्वतःवर घालून घ्यावीत असे त्यात होते. संमतिवयाचा कायदा, म्हणजे मुलीशी शरीरसंबंध कायदेशीर ठरण्याचे किमान वय ठरवणारा कायदा, १८९१ मध्ये झाला आणि त्याने हे वय दहावरून बारावर नेले. टिळकांचा स्वतःचा मसुदा त्याच्याहून पुष्कळ पुढे होता. तरीही त्यांनी कायद्याला कडाडून विरोध केला, कारण तो परक्या सरकारने केलेला होता. युक्तिवाद म्हणून यात तथ्य आहे, पण परिणाम वाईट झाला. कायद्याविरुद्ध गोळा झालेल्या गर्दीला मसुद्यातील बंधनांशी काही देणेघेणे नव्हते, आणि त्या गर्दीच्या बळावर जे राजकारण उभे राहिले त्याने बारा वर्षांच्या मुलींचा प्रश्न बाजूला सारला.

या फारकतीला १८९५ मध्ये जागेचेही रूप आले. राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, अधिवेशनानंतर त्याच मंडपात सामाजिक परिषद भरवण्याचा प्रघात रानड्यांनी १८८७ पासून पाडला होता. पुण्यातील अधिवेशनाच्या वेळी या परिषदेला मंडप देऊ नये यासाठी इतका गदारोळ झाला, की रानड्यांनी ती फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात वेगळी भरवली. घर आणि राज्य यांची चर्चा एका छताखाली होणे त्या वर्षी थांबले.

छापील वादात जे बोलणे कठीण झाले ते गोष्टीने आणि रंगभूमीने उचलले. हरी नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. यमू नावाच्या मुलीने स्वतःच आपली कहाणी सांगावी अशी तिची रचना आहे. बालपण, लग्न, सासर, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन असा तिचा प्रवास वाचकाने आठवड्यामागून आठवडे वाचला. अग्रलेख टाकून देता येतो, पण यमूचे पुढे काय झाले हे जाणून घेण्यासाठी वाचकाला पुढचा अंक घ्यावाच लागे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ने १८९९ मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख पदांतून मांडले आणि ते गावोगाव पोचले. रंगभूमीच्या या सामर्थ्याची दखल सरकारनेही घेतली, पण वेगळ्या कारणासाठी: कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९०७ मधील ‘कीचकवध’ नाटकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. सरकारला कीचकाची भीती वाटली, शारदेच्या बापाची वाटली नाही. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला; घराविषयी लिहिल्याबद्दल शिक्षा भोगणाऱ्यासाठी त्या काळात एकही गिरणी बंद पडली नाही.

ज्यांना अक्षरे येत नव्हती त्यांच्यापर्यंत मत नेण्याचे काम जलशांनी केले. जलसा हा तमाशाच्या घाटावर उभा असलेला प्रयोग असून त्यात गण, गवळण, बतावणी यांच्या जागी समाजप्रबोधनाची पदे आणि संवाद असत. आधी सत्यशोधकांनी आणि नंतर आंबेडकरी चळवळीने तो वापरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘मूकनायक’ १९२० मध्ये आणि ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये काढले. त्यांच्या चळवळीत घर आणि राजकारण यांची फारकत कधी झालीच नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले आणि दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी तेथे जमलेल्या स्त्रियांपुढे भाषण केले. जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने सोडा, मुलींनाही शिकवा, असे त्यांनी सांगितले. १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी मुलांच्या लग्नाची घाई करू नका, अधिक मुले जन्माला घालू नका, असा उपदेश केला. रानड्यांना जे एका मंडपात टिकवता आले नाही, ते येथे एका भाषणात एकत्र होते. पोशाख आणि संगोपन हे राजकीय विषय आहेत, हे ज्यांच्या अंगावर जात पोशाखातून लादली गेली त्यांना पटवून द्यावे लागले नाही.

विसाव्या शतकातील सर्वांत एकाकी लेखक म्हणून रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव घ्यावे लागेल. त्यांचे वडील धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला आणि धोंडोपंतांना घरात घ्यायचे तर त्यांच्या घरच्यांनाही तोच दंड भोगावा लागेल असे ठरवले. ग्रामण्याची ही रीत कर्वे घराण्याला चांगली ठाऊक होती. रघुनाथरावांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि या कामापायी १९२५ मध्ये त्यांची प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, बाईची त्यात संमती असावी की नाही, मुलांना लैंगिक प्रश्नांची उत्तरे कशी द्यावीत, हे विषय मराठीत सरळ शब्दांत आधी त्यांनी लिहिले. ‘शारदेची पत्रे’ या सदरात एका स्त्रीच्या नावाने ते चालू घडामोडींवर भाष्य करत. पन्नास वर्षांपूर्वी नाव झाकून लिहिणे भाग होते. येथे आपले नाव जगजाहीर झालेल्या लेखकाने स्त्रीचा स्वर हेतुपुरस्सर निवडला, कारण ज्या प्रश्नांचे भोग स्त्री भोगते त्यांवर तिने बोलावे असे त्याला वाटत होते.

कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३१ मधील खटल्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मधील खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता आणि त्यात त्यांची वकिली डॉ. आंबेडकरांनी केली. लैंगिक विषयावरचे लेखन तेवढ्यानेच अश्लील ठरत नाही, आणि लोक अडचणी विचारत असतील तर जाणकाराने शास्त्रीय उत्तर दिले पाहिजे, अशी बचावाची बाजू होती. कर्वे खटला हरले. तथापि या घटनेत एक बदल दिसतो, आणि तो संपादकापेक्षा वाचकांचा आहे: लोक आता आपल्या घरातल्या अडचणी लिहून पाठवू लागले होते. ज्या गोष्टी आईला किंवा मित्राला सांगता येत नव्हत्या त्या पोस्टाने एका मासिकाकडे जात होत्या.

हाच पत्रव्यवहार मध्यमवर्गीय घरात शिरला तो किर्लोस्करवाडीहून. शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये कारखान्याच्या बातम्यांसाठी सुरू केलेल्या पत्रिकेचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि १९३० मध्ये त्याला ‘स्त्री’ची जोड मिळाली. स्वयंपाक, शिवण, बाळाचे आजार, सिनेमा, हुंडा, मताधिकार हे सारे तेथे एकाच अंकात येई. १९३३ हे वर्ष या दृष्टीने विशेष आहे. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने मालती बेडेकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनाविषयी लिहिल्याबद्दल मोठे वादळ उठले. त्याच वर्षी ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आले. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन यांच्या १८८३ मधील नाटकावर ते बेतलेले होते; पुरुषाने स्त्रीकडून जे शील मागावे ते स्त्रीनेही पुरुषाकडून मागावे, हा त्याचा विषय. युरोपातून नवा म्हणून आणलेला हा विचार त्या मूळ नाटकाच्या आदल्याच वर्षी बुलढाण्याच्या एका बाईने मराठीत छापला होता, याची आठवण तेव्हा कोणालाही झाली नाही.

तिसरी घटनाही १९३३ चीच. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. राजकीय कैद्याने आपल्या कोठडीत बसून गरीब घरातल्या आईच्या संगोपनाची कहाणी लिहावी, यात मराठी मनाची एक ओळख आहे. मूल घडवणे हे देश घडवण्याचेच काम आहे ही आगरकरांची जाण येथे परत येते, फक्त तर्काऐवजी माया हे तिचे साधन झाले आहे. पुस्तकाच्या लोकप्रियतेने आई या व्यक्तीवर त्यागाचे जे ओझे टाकले त्याची चिकित्सा व्हायलाच हवी. पण जातीचा अभिमान आणि गरिबांचा तिरस्कार मुलाच्या मनात रुजू नये यासाठी ती आई जे करते, ते १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी केलेल्या उपोषणापासून वेगळे काढता येत नाही. आचार्य अत्रे यांच्या १९५३ मधील चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

स्वातंत्र्यानंतर टोपणनावांची गरज कमी झाली आणि बहिष्काराची हत्यारे बोथट झाली. ‘स्त्री’च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. त्याआधी दोन वर्षे पुण्यातून ‘पालकनीती’ हे संगोपनाला वाहिलेले मासिक सुरू झाले होते. या दोन्ही मासिकांनी वाचकांच्या पत्रांना मानाची जागा दिली आणि ही परंपरा कर्व्यांच्या प्रश्नोत्तरांपासून सरळ चालत आलेली आहे.

ताराबाईंच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती मात्र स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये काढली, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर ९३ वर्षांनी. टिळकांचे अग्रलेख, विष्णुशास्त्र्यांचे निबंध आणि आगरकरांचे लेख त्या काळात पुन्हापुन्हा छापले गेले, अभ्यासक्रमांत लावले गेले, त्यांवर प्रबंध झाले. घराविषयी लिहिणाऱ्यांतही जे संपादक होते, प्राध्यापक होते, त्यांचे लेखन टिकले. बाकीच्यांचे सहज हरवले. ज्या शेकडो बायकांनी आणि पुरुषांनी ‘स्त्री’, ‘किर्लोस्कर’ आणि ‘समाजस्वास्थ्य’ यांना आद्याक्षरांनी सही करून पत्रे पाठवली, त्यांची मते तर त्या अंकांच्या मागच्या पानांपलीकडे शोधणे कठीणच आहे. घरोघरच्या फडताळांत आणि माळ्यांवर या मासिकांच्या जुन्या बांधण्या अजून सापडतात. त्या रद्दीत घालण्यापूर्वी गावातल्या किंवा शहरातल्या ग्रंथसंग्रहालयाला विचारावे, आणि देताना पत्रव्यवहाराची पाने शाबूत आहेत ना, हे आधी पाहावे.